गुळवेल पहिल्यांदा घरी आणताय? मग आधी हे वाचा

२०२० च्या पावसाळ्यात आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बदामाच्या आकाराच्या पानांची एक वेल चढली होती. मी ती गुळवेल समजून तिच्या हातभर फांद्या तोडून आणल्या, धुतल्या, घरातल्या चौघांसाठी काढा उकळायला ठेवला आणि मोठ्या कौतुकानं चिपळूणला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून पातेलं दाखवलं. त्यांनी पातेल्याकडे बघितलंच नाही. ओट्यावर पडलेलं पान बघितलं आणि म्हणाल्या, "अगं ही करांद्याची वेल! गॅस बंद कर आधी. दिवाळीपर्यंत ठेवली असतीस तर करांदे तरी उकडून खाल्ले असते."

गॅस बंद केला. काढा मोरीत गेला.

त्यानंतर दोन-तीन वर्षं सासूबाईंच्या, साताऱ्याकडच्या मामाच्या आणि आमच्या ओळखीच्या एका वैद्यबाईंच्या मागे लागून मी गुळवेल नीट शिकले, आता गॅलरीत एक आहे, गावी परसात तीन आहेत. दर पावसाळ्यात कुणी ना कुणी फोटो पाठवून "ही गुळवेलच ना?" असं विचारतं आणि मला तेच तेच टाईप करावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वैद्य नाही, बँकेत नोकरी करते. त्यामुळे कोणत्या आजारावर काय घ्या हे इथे मिळणार नाही. वेल ओळखायची कशी, आणायची कुठून, लावायची, वाळवायची कशी आणि कुठे थांबायचं एवढंच मिळेल.

नावांचा घोळ आधी संपवू. गुळवेल, हिंदीतली गिलोय, संस्कृतातली गुडूची किंवा अमृता, गोव्याकडची अमृतवेल, हे सगळं एकच. नर्सरीत शास्त्रीय नाव विचारायचं असेल तर टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. आणि नावात गूळ असला तरी चव कडू आहे हं, माझ्या मुलानं पहिला घोट घेऊन माझ्याकडे जे बघितलंय ते मी विसरणार नाही.

काय काय लागेल

- धारदार कोयता किंवा झाडं छाटायची कात्री (स्वयंपाकघरातली नको, कांड म्हणजे वेलीचं खोड चिवट असतं)
- सुतळी, आणि फांद्यांवर खूण करायला मार्कर
- खलबत्ता किंवा पाटा-वरवंटा
- स्टीलची दोन मोठी पातेली, एक परात, जुना धुतलेला सुती पंचा
- वाळवायला सूप किंवा चादर
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा
- झाकणाची काचेची बरणी, नाव-तारीख लिहायला चिठ्ठी
- लावायची असेल तर १२ इंची किंवा मोठी कुंडी, माती, शेणखत, थोडी वाळू
- आणि घरात ज्याला द्यायची त्याच्या चालू गोळ्यांची यादी. ही का ते पुढे कळेल.

१. कापायच्या आधी विचारा की आपल्याला चालते का

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. घरात कुणाला साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, लिव्हरचा त्रास आहे किंवा पूर्वी होता, थायरॉईड-संधिवातासारखा ऑटोइम्युन आजार आहे, कुणी गरोदर आहे, बाळाला पाजतंय, ऑपरेशनची तारीख जवळ आली आहे किंवा किडनी वगैरे बदलल्यानंतरच्या गोळ्या आहेत, तर घरच्या घरी गुळवेल सुरू करायची नाही. वैद्यांना विचारायचं आणि ज्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनाही सांगायचं. गुळवेल साखर खाली आणू शकते, त्यात गोळी चालूच असली की साखर नको इतकी उतरते. आणि प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून आपण ती घेतो ना, मग ज्या आजारात प्रतिकारशक्तीच आपल्या अंगावर उलटलेली असते तिथे तिला आणखी चेव आणायचा का, हा प्रश्न साधा आहे पण कुणी विचारत नाही.

२. ओळख: पानावर जाऊ नका, कांड बघा

सगळ्यांची गाडी इथेच घसरते. बदामी पान बघितलं की गुळवेल! आपल्याकडे पावसाळ्यात बदामी पानाच्या इतक्या वेली उगवतात की नुसत्या पानावर ओळखायला गेलात तर निम्म्या वेळा चुकाल. मामा सांगतो ती पद्धत अशी, की पान शेवटी बघायचं. त्याच क्रमानं सांगते.

पहिलं, साल. बोटाएवढं जाड जुनं कांड हातात घ्या आणि नखानं वरची साल खरवडा. गुळवेलीची वरची साल कांद्याच्या वाळलेल्या पापुद्र्यासारखी असते, तपकिरी, कागदासारखी, सहज निघून येते आणि खाली हिरवंगार कांड दिसतं. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती पावसाळ्यातही दिसते आणि पानं झडलेली असतानाही. सालीवर बारीक पांढुरके उंचवटे असतात, त्यातून कांड श्वास घेतं. ते बघून घाबरू नका.

दुसरं, आडवा काप. कांड आडवं कापा आणि कापलेलं तोंड उजेडात धरा. बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं, मधून बाहेर आऱ्या गेलेल्या. म्हणूनच जुन्या ग्रंथांत हिला चक्रलक्षणिका असं एक नाव आहे. मला हे नाव कळलं त्या दिवशी मी चार कांडं उगाचच कापून बघितली. मधला भाग पांढरट-पिवळसर, आणि बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. पांढरा दुधासारखा चीक निघाला तर मात्र वेल तिथेच ठेवा आणि हात धुवा.

तिसरं, लोंबणारी मुळं. गुळवेल झाडावर चढली की वरून दोऱ्यासारखी लांब मुळं खाली सोडते, वडाच्या पारंब्यांची अगदी बारीक आवृत्ती. हीच मुळं तिचा जीव वाचवतात. आमच्या गल्लीत एका कडुलिंबावर मोठी गुळवेल होती, कुणीतरी साफसफाईत तिचं खोड जमिनीपासून तोडलं, मला वाटलं संपली. महिन्या-दीड महिन्यानं बघते तर वर अडकलेल्या वेलीनं पाच-सहा दोरे खाली सोडलेले, त्यातले दोन जमिनीत पोचलेले. छिन्नरुहा म्हणजे कापली तरी पुन्हा वाढणारी, हेही तिचंच नाव.

चौथं, पानाचा देठ. देठ लांब असतो आणि दोन्ही टोकांना, म्हणजे कांडाला चिकटतो तिथे आणि पानाला चिकटतो तिथे, किंचित फुगलेला असतो. खालचं टोक थोडं पिळवटलेलं दिसतं. भिंग लागत नाही, बोटानं चाचपलं तरी कळतं.

मग पान. बदामी, गुळगुळीत, देठाच्या जागेपासून पंज्यासारख्या सात शिरा फुटलेल्या.

फुलं-फळांवर थांबू नका. फुलं बारीक, पिवळट-हिरवी, येतात तेव्हा पानं बहुतेक झडलेली असतात, त्यामुळे लक्षच जात नाही. फळं वाटाण्याएवढी, गोल, लालभडक, घोसानं. पण नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते, तुमची नर निघाली तर दहा वर्षांत एक फळ दिसायचं नाही. माझी गॅलरीतली बहुतेक नरच आहे.

३. हिच्यासारख्या दिसणाऱ्या

करांदा (आणि कडू करांदा). माझी फजिती केली ती हीच. पानं बदामी, पण कांड पावसाळी, कोवळं, कागदी साल नाही, आणि पावसाळा सरताना पानाच्या बगलेत बटाट्यासारखे गोळे लटकतात. रानातला कडू करांदा कच्चा पोटात जाणं धोक्याचं, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका.

वासनवेल आणि पहाडवेल. दोघी गुळवेलीच्याच कुळातल्या, म्हणून नवख्याला फसवतात. वासनवेलीची पानं लहान नि लवदार, कांड बारीक. पहाडवेलीचं कांड तर दोरीसारखं. दोघींना हिच्यासारखं मांसल कांड नाही.

मोठ्या पानाची, लवदार गुळवेल. कोकणात आणि घाटात ही भरपूर. पानं तळहाताहून मोठी, खालच्या बाजूनं मखमलीसारखी मऊ लव. कांडही तसंच, आरेही तसेच, म्हणून सगळ्यात जास्त गोंधळ इथे. वैद्यबाई हिला पद्मगुडूची म्हणाल्या, ती सख्खी बहीणच आहे आणि काही भागांत वापरतातही, पण पुस्तकांतली मात्रा हिच्यासाठी लिहिलेली नाही, तेव्हा नवख्यानं गुळगुळीत पानाचीच घ्यावी. पान उलटं करून गालाला लावून बघा, लगेच कळतं.

टिनोस्पोरा क्रिस्पा. ही खरी भीती, लिव्हरच्या वादात हिचंच नाव आलं, ते पुढे सांगते. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानं गुळवेल आणि हिच्यातला फरक सांगणारं पत्रक काढलं होतं, त्याचा सार असा: गुळवेलीचं कांड हिरवं, गाठी नाहीत, दुधासारखा चीक नाही, फुलाला सहा पाकळ्या, फळ गोल आणि लाल. क्रिस्पाचं कांड राखाडी, त्यावर गाठीच गाठी, चीक असतो, पाकळ्या तीन, फळ लांबट आणि नारिंगी. मी मनात असं ठेवलंय: कांड कारल्याच्या पाठीसारखं दिसलं तर नको. कुणी ऑनलाईन मागवलेली, कुरिअरनं आलेली फांदी असेल तर ही परीक्षा आधी करा मगच मातीत लावा.

शंका राहिलीच तर फोटो पाठवताना नुसत्या पानाचा पाठवू नका. साल खरवडलेलं कांड, आडवा काप, पानाची खालची बाजू आणि अख्खी वेल कशी चढली आहे ते, असे चार फोटो पाठवा. आयुर्वेद कॉलेजच्या द्रव्यगुण विभागात (औषधी वनस्पती शिकवतात तो) किंवा जवळच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या लोकांना प्रत्यक्ष फांदी नेऊन दाखवलीत तर उत्तम, मला तरी आजवर कुणी हाकलून दिलेलं नाही.

४. कुठून घ्यायची, कुठून अजिबात नाही

कडुलिंबावर चढलेली गुळवेल सगळ्यात चांगली असं वैद्य मानतात, आणि साताऱ्याकडे, सोलापूर-नगरकडे तशी मिळते, बांधावर कडुलिंब असतातच. कोकणातल्या लोकांनी मात्र हट्ट धरू नये. तिथल्या पावसात कडुलिंब मुळात कमी. आमच्याकडे आंब्यावर, ऐनावर, शेवग्यावर चढलेली आहे आणि घरात तीच वापरतात. फक्त काजऱ्याच्या झाडावरची घ्यायची नाही, असा सासूबाईंचा कडक नियम आहे. काजऱ्याचं बी विषारी असतं हे खरंच, वेलीत ते उतरतं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा दुसरं झाड बघणं सोपं.

हायवेच्या कडेची, नाल्यावरची, कीटकनाशक फवारलेल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला लागून असलेली, रासायनिक कारखान्याच्या कुंपणावरची, ही घेऊ नका. लाईटच्या खांबावरची तर बिलकुल नाही, ही वेल तारांवर छान चढते आणि ओली वेल तारेला लागलेली असते हे ओढणाऱ्याला दिसत नाही.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून काही तोडून आणणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. "एक फांदी तर आहे" हे तिथल्या गार्डला सांगून उपयोग नाही. दुसऱ्याच्या बांधावरची असेल तर विचारून घ्या, आणि गावच्या जंगलातली असेल तर तिथे जे लोक पिढ्यान्‌पिढ्या वनोपज गोळा करतात त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे, २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो लिहूनही दिलाय. ठाणे जिल्ह्यात शहापूरकडच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून (आदिवासींचा वनोपज विकायची सरकारी योजना) वाळलेली गुळवेल मोठ्या औषध कंपन्यांना पुरवायला सुरुवात केली. आपण रविवारी गाडी काढून जायचं आणि त्यांच्या रानातली वेल मुळासकट ओढून आणायची, हे मला बरोबर वाटत नाही. त्यांच्याकडून विकत घ्या. स्वस्तही पडते आणि वर कशी वाळवायची तेही फुकट शिकवतात.

५. कापायची कशी

औषधासाठी जुनं कांड लागतं, कोवळ्या हिरव्या शेंड्यात काही नसतं. निदान अंगठ्याएवढं जाड हवं, त्याहून जाड मिळालं तर फारच छान. वेळ म्हणाल तर उन्हाळा, पाऊस लागायच्या आधी. आयुर्वेदिक फार्माकोपियातही, म्हणजे सरकारच्या अधिकृत औषधग्रंथातही, उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात गोळा करावी असंच दिलंय. पावसाळ्यात कापलेली वाळता वाळत नाही, तिला बुरशी येते.

वेल जमिनीपासून हात-दीड हात सोडून वर कापायची. बुंधा राहिला की पुन्हा फुटते. एका वेलीच्या सगळ्या फांद्या घेऊ नका, दोन-तीन घ्या, बाकी तिला राहू द्या. झाडावर चढून ओढाओढ करायची नाही, २०२० मध्ये आमच्या गल्लीतल्या एका काकांनी ओढली ती वेलीबरोबर कडुलिंबाची वाळकी फांदीही खांद्यावर घेऊन खाली आले. सुदैवानं फक्त सूज आली.

६. लावायची: मृग लागला की

हीच खरं तर सगळ्यात सोपी पायरी आहे, आणि तरी मी पहिल्या वेळी सहापैकी सहा फांद्या मारल्या. कारण? तीन उलट्या लावल्या होत्या आणि तीन पाण्यानं कुजवल्या.

जूनमध्ये मृगाचा पाऊस सुरू झाला की पेन्सिलीपेक्षा जाड, वीतभर म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करा, प्रत्येकाला निदान दोन डोळे हवेत. कापतानाच खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापा, म्हणजे नंतर वर कोणतं, खाली कोणतं हा प्रश्न येत नाही (मी तर आता वरच्या टोकाला मार्करनं ठिपकाही देते, एकदा हात पोळलेत). कापल्यापासून दिवसभरात लावून टाका. माती, वाळू, शेणखत मिसळून कुंडीत एक डोळा मातीत, एक वर असं लावा. पाणी बेताचं. बोट घालून बघा, माती ओली लागली तर पाणी नको. कुंडीखाली ताटली ठेवू नका. तीन ते सहा आठवड्यांत डोळा फुगतो आणि हिरवा कोंब दिसतो, त्याच्या आधी उकरून मूळ फुटलं का बघायचा मोह आवरा.

फुटली की आधार द्या. गॅलरीच्या जाळीवर सुतळी बांधली तरी चालते. जमिनीत लावणार असाल तर दोन वेलींत तीन मीटर अंतर ठेवा, आणि लिंबू, डाळिंब, मोगरा असल्या छोट्या झाडांजवळ नको, दोन वर्षांत त्यांना झाकून टाकते. शेवगा किंवा कडुलिंबाच्या बुंध्याशी लावणं उत्तम.

औषधाला कापण्याएवढी जाड व्हायला कुंडीत तीन वर्षं तरी धरा. तोवर तिला कात्री लावू नका.

७. वाळवणं

धुवून वरचा कागदी पापुद्रा काढून टाका, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, जाड असतील ते उभे चिरा. सावलीत, वारा लागेल अशा जागी सुपात किंवा चादरीवर एकेरी थर पसरा आणि रोज एकदा हलवा. कडक उन्हात वरून वाळल्यासारखी दिसते आणि आतून ओली राहते, बरणीत भरली की आठवड्यात आतून कुबट वास. माझी पहिली अख्खी बरणी अशीच गेली. वाळली का हे कळायला तुकडा मोडून बघा, कट्कन आवाज येऊन तुटला पाहिजे, वाकला तर अजून दोन-तीन दिवस. बरणीवर तारीख लिहा. वर्षाच्या वर ठेवू नका, आणि काळी-पांढरी बुरशी दिसली तर "वरचं काढून टाकू" असलं काही न करता सगळी फेकून द्या.

एक गंमत सांगते. न वाळवलेली एक फांदी मी खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधून विसरून गेले होते, माती नाही, पाणी नाही. पावसाळी हवेत तिला कोंब फुटून दोन पानं आली होती! तेव्हा कापलेल्या फांद्या लगेच वापरता आल्या नाहीत तर टाकून देऊ नका.

८. घरी करायचं काय: हिम, काढा, सत्त्व

हिम सगळ्यात सोपा. चार बोटं लांबीचं ओलं कांड खलबत्त्यात चेचून पेलाभर पाण्यात रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी कुस्करून गाळायचं. थोडं बुळबुळीत लागतं, त्याची तयारी ठेवा.

काढा म्हणजे तेवढंच कांड चेचून दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवायचं. झाकण न ठेवता. त्यात दालचिनी, मिरी, लवंग, सुंठ, गवती चहा, घरात दिसेल ते सगळं टाकायची जी पद्धत पडली आहे ती माझ्या मते चुकीची. मग ऍसिडिटी कशानं झाली ते कळणार कसं?

सत्त्व करायला मात्र वेळ आणि सबुरी लागते, पण एकदा करून बघाच. जाड, ओली, जुनी कांडं, निदान किलोभर. पापुद्रा काढा, तुकडे करा, चांगली चेचा, अगदी तंतू सुटे होईपर्यंत. चौपट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी हातानं खूप कुस्करा, फेस येईल, मग पंचानं गाळून चोथा घट्ट पिळा. ते गढूळ पाणी न हलवता चार-पाच तास ठेवा. आता इथे लोक घाई करतात. पाणी वरून निवळलं की अगदी हळू, पातेलं तिरकं करत वरचं पाणी काढायचं, तळाला ओल्या रांगोळीसारखा एक पातळ थर बसलेला दिसेल. त्यावर पुन्हा स्वच्छ पाणी घालून ढवळून पुन्हा बसू द्यायचं. दोनदा असं केलं की मळकट रंग जातो. मग तो थर ताटात पसरून वाळवायचा. किलोभर कांडाचं माझ्या हाती चहाचे जेमतेम तीन चमचे सत्त्व आलं. हे एकदा स्वतः केलं की बाजारात शंभर रुपयांना पाव किलो "शुद्ध गुळवेल सत्त्व" बघितल्यावर तुम्हाला आपोआप हसू येईल. अरारूट, तांदळाचं किंवा बटाट्याचं पीठ मिसळणं यात फार सोपं आहे, आणि आयोडीनचा थेंब टाकून निळं झालं की खरं, असं जे फिरतं त्यात काही अर्थ नाही, कारण सत्त्वही स्टार्चच आणि भेसळही स्टार्चच. दोन्ही निळीच होणार.

९. किती, आणि थांबायचं कधी

फार्माकोपियात सुक्या कांडाच्या चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम दिली आहे. ही मोठ्या माणसाची. चमच्यानं नाही, काट्यावर मोजा. मुलांना किती ते वैद्यच सांगतील, "मोठ्यांच्या अर्धं" हा आपला हिशोब लावू नका.

किती दिवस? इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय. कोविडच्या काळात आयुष मंत्रालयानं जी सूचना काढली होती त्यात १५ दिवस किंवा महिनाभर असं होतं. लोकांनी त्यातलं "घ्या" तेवढं ऐकलं. आमच्याच ओळखीत एक बाई रोज सकाळी काढा, दुपारी गोळ्या आणि रात्री ज्यूस असं आठ महिने करत होत्या, कुणी सांगितलं नव्हतं, वैद्य नाही डॉक्टर नाही. मग भूक गेली, डोळे पिवळे झाले. त्यांचं सगळं बंद केल्यावर हळूहळू उतरलं. ते नेमकं कशानं झालं हे मी सांगू शकत नाही, पण असे पेशंट एकट्या त्याच नव्हत्या. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतल्या ४३ पेशंटचा अभ्यास आला, त्यात बऱ्याच जणांत ऑटोइम्युन आजारासारखं चित्र दिसलं होतं. आयुष मंत्रालयानं त्या पहिल्या अहवालावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती, क्रिस्पाही असू शकेल, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही वाचलं. कोण बरोबर हे ठरवायची माझी पात्रता नाही, पण घरात वागायचं कसं हे त्यातून ठरवता येतं: ओळख पटलेलीच वेल, मोजून, वैद्यांना विचारून आणि ठरावीक दिवसच. च्यवनप्राशासारखी बारमाही नाही.

घेत असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. डॉक्टरांना सांगताना लाजू नका की मी गुळवेल घेत होते. बरणी सोबतच न्या.

आणि ताप. गुळवेलीला जुने वैद्य तापाची शत्रू म्हणतात, अमृतारिष्ट, संशमनी वटी या तापात दिल्या जाणाऱ्या औषधांत ती आहेच. म्हणून डेंग्यूच्या दिवसांत लोक घरीच काढे देत बसतात. ताप दोन दिवसांवर गेला, उलट्या झाल्या, पोट दुखायला लागलं, अंगावर पुरळ आलं तर रक्ताची तपासणी आधी, काढा मग. प्लेटलेट्स उतरत असताना खलबत्ता घेऊन बसण्यात शहाणपणा नाही.

१०. विकतच घ्यायची असेल तर

सगळ्यांना गॅलरी नसते, मान्य. मग काष्ठौषधीच्या दुकानातून अख्खे तुकडे घ्या, चूर्ण नको. तुकड्यात चाकाच्या आऱ्या वाळल्यावरही दिसतात, चूर्णात काय मिसळलंय हे देवालाही सांगता यायचं नाही. तयार गोळ्या-ज्यूस घेणार असाल तर पाकिटावर शास्त्रीय नाव, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत आहे का ते बघा. ज्यूसच्या बाटल्यांवरचे घटक जरूर वाचा, साखरेच्या पेशंटसाठी म्हणून घेतलेल्या एका बाटलीत दुसऱ्याच नंबरला साखर होती.

ज्यांना फांदी हवी असेल त्यांनी जूनपर्यंत थांबा. आत्ता माझी वेल पानं झडून नुसती काठीसारखी उभी आहे आणि आमच्या कामवाल्या मावशींनी दोनदा "ताई, ही मेलीय, उपटू का?" असं विचारून झालंय. घरात तुमच्याही मावशी असतील तर कुंडीवर आधीच चिठ्ठी लावून ठेवा.